भिजत घातलेली मटकी

शिजवलेलं अन्न तुम्ही शेवटचं कोणाच्या हातचं नाकारलंत, आणि तेव्हा कारण काय सांगितलंत?

पोट भरलंय. आत्ताच चहा झाला. डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय. आज उपास आहे. यांतली बरीचशी कारणं अधूनमधून खरीही असतात, म्हणूनच ती इतकी कामाला येतात. खोटं कारण पकडता येतं. खरं असू शकणारं कारण कोणाला पकडता येत नाही. असंच एक कारण गेली दोन वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमची मंडळी श्रीरामपूरची. चर्चच्या माणसांना आमच्यात मंडळी म्हणतात. दर उन्हाळ्यात ईस्टर झाल्यावर मंडळीचा तरुण संघ सेवेच्या दौऱ्यावर जातो. कधी कारखान्याच्या मागच्या ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या, कधी डोंगरातली वस्ती, कधी पारनेरकडचं टँकरवर जगणारं गाव. मंडळीत नर्स भरपूर, त्या रक्तदाब तपासतात. पोरं शाळेच्या भिंती रंगवतात. आणि जेवण असतं. जेवणाचा एक जुना नियम आहे, तो कोणी घातला हे आता कोणाला सांगता येत नाही. टेम्पोतून काही वाटायचं नाही. तिथंच चूल मांडायची, तिथल्या लोकांबरोबर एका पंगतीत बसायचं आणि जे त्यांना वाढलं तेच खायचं. आमचे पाळकसाहेब दौऱ्याच्या आदल्या रविवारी उपदेशात सांगायचे की प्रभुभोजनाची भाकर आणि पंगतीतली भाकर एकाच पिठाची. मला ते वाक्य फार आवडायचं. मी ते एकदा पत्रकावर छापायलाही दिलं होतं.

पत्रकांचं सांगायला हवं, कारण मी त्यांच्यावरच वाढले. पप्पा बाजारपेठेतल्या एका छापखान्यात मशीनवर होते. छपाईत बिघडलेले कागद घरी यायचे. त्यांचीच माझ्या पुस्तकांना कव्हरं, त्यांच्यावरच माझी गणितं. कागद वाया जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी चाचणी घ्यायचे, त्यामुळे एका बाजूला 'देव प्रीती आहे' आणि दुसऱ्या बाजूला 'कामगारांना कायम करा' असा कागद मी पहिलीत असताना बोट ठेवून ठेवून वाचला आहे. मला आजही ही दोन वाक्यं एकाच कागदाची वाटतात.

छापखान्यातून सुटले की पप्पा आचारी. पोटासाठी नव्हे, मंडळीसाठी. लग्न, बाप्तिस्मा, नाताळ, कापणीचा सण, कुठलीही पंगत असो, चुलीपाशी पप्पा. मंडळीचं एक मोठं पातेलं आहे, दोन माणसांनी दोन्ही कडांना धरून उचलावं असं. ते दुसऱ्या कोणी घासलेलं पप्पांना चालत नाही. ते कमिटीत कधी बोलत नसत. सभेत मागच्या बाकावर बसायचे आणि शेवटी विचारायचे, किती पानं?

म्हणून दोन वर्षांपूर्वी गाव निवडायच्या सभेत त्यांनी हात वर केला तेव्हा सगळेच वळून बघायला लागले. त्यांनी कर्जत तालुक्यातल्या एका गावाचं नाव घेतलं. म्हणाले, तिथं पाणी नाही, ऊसतोडीचा हंगाम संपवून लोक नुकतेच परत आलेत, हाताला काम नाही. कोणालाच हरकत नव्हती. सेक्रेटरी बँकेत आहेत, त्यांनी लगेच मोबाईलवर अंतर काढलं आणि टेम्पो कोणाचा घ्यायचा यावर चर्चा सुरू झाली.

घरी आल्यावर मम्मीनं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की ते गाव पप्पांचंच.

मला एवढंच माहीत होतं की आजी पप्पांना लहानपणी कुठून तरी मिशनच्या बोर्डिंगात घालायला घेऊन आली आणि मग इथलीच झाली. कुठून, ते घरात बोललं जात नसे. मम्मीनं सांगितलं. आम्ही गावकुसाबाहेरचे. आजी खळ्यावर धान्य पाखडायला जायची, आणि सगळं गाव तिला पाखडणारीण म्हणूनच ओळखायचं. घराघरातली ज्वारी, मटकी, हुलगे तिच्या सुपातून जायचे. तिचा हात लागलेलं धान्य कोणाला वर्ज्य नव्हतं. त्याला पाणी लागलं की मग तिचा हात नको. कोरडं असेपर्यंत धान्य तिचं, ओलं झालं की त्यांचं. गावात लग्न असलं की पाखडायला आठ दिवस आधी बोलावणं आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी, कुंपणाबाहेर, आपलं भांडं घेऊन. पप्पा त्या कुंपणाबाहेर बसून जेवलेले आहेत.

"आता तिथं जाऊन पंगत वाढायचीय त्याला," मम्मी म्हणाली. "वाढू दे एकदा. डोक्यातनं जाईल."

मी पप्पांना विचारलं. ते पातेल्याला चिंच लावत होते. वर न बघता म्हणाले, "एकदा वाढायचंय." त्यांना काय हवं होतं ते त्या दोन शब्दांत सगळं होतं.

तयारी सुरू झाली. रोज संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये गाण्याचा सराव, नंतर वाढपाचा. हो, पप्पा वाढपाचा सराव घ्यायचे. पोरांना ओळीनं खाली बसवायचे, रिकाम्या पत्रावळी मांडायचे आणि बाकीच्यांच्या हातात रिकामी भांडी द्यायचे. आधी मीठ. माणसाच्या डोक्यावर उभं राहून वाढायचं नाही, वाकायचं. पळी पत्रावळीला टेकवायची नाही. 'बस' म्हटल्यावर अजून थोडं. आणि कोणी बसलेलं असताना आपसांत इंग्रजी बोलायचं नाही.

"काका, इंग्रजी येतंय कोणाला?" एक पोरगा म्हणाला.

"तुला 'एक्स्ट्रा' येतं तेवढं पुरे. तेच बोलू नको."

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी हसून म्हणाली की सलाईन लावायला तिला एवढं शिकवलं नव्हतं. पप्पा म्हणाले, सलाईन आजारी माणूस घेतो, त्याला पर्याय नसतो. तेव्हा ते मला नुसतं बोलण्यातलं बोलणं वाटलं होतं.

दौऱ्याआधी पाहणीला जायची पद्धत आहे. चूल कुठे मांडायची, पाणी कुठून, सावली आहे का. त्या वर्षी पप्पा आणि मी गेलो. नगरपर्यंत एसटी, पुढे कर्जतची दुसरी एसटी आणि तिथून वडाप जीप. जीपमध्ये पप्पा खिडकीला चिकटून बसले होते. रस्त्याकडेची बाभळ दिसली की मान वळवून ती जाईपर्यंत बघायचे. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जो ते फक्त नाताळला घालतात.

सरपंच तिशीतला, बांधकामाची कंत्राटं घेणारा, बोलायला गोड. घर नवं, ओसरीवर फरशी. त्याचे वडील खाटेवर बसले होते. पप्पांच्याच वयाचे, पण थकलेले. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं.

"आरं, तू पाखडणारनीचा पोरगा न्हवं?"

"व्हय आण्णा."

"मेलास का जगलास, ठावं नव्हतं."

"जगलो," पप्पा म्हणाले आणि दोघंही हसले.

पुढचा बराच वेळ त्यांचं बोलणं चाललं. दोघं लहानपणी शेरडं राखायला एकाच माळावर जायचे. आण्णांनी मला सांगितलं की तुझा बाप लई खादाड, माझ्या फडक्यातली भाकरी मी ह्याला किती चारली त्याची मोजदाद न्हाई. पप्पा मान डोलावत होते. श्रीरामपुरात त्यांच्या तोंडी कधी न आलेले शब्द बाहेर पडत होते, गेल्तो, हुतं, लई. मी एक गोष्ट टिपली. दोघं एका वयाचे, एका माळावरचे, पण आण्णा 'अरे' म्हणत होते आणि पप्पा 'अहो'. भाकरीही एकाच बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलेली होती. पप्पांना हवी असलेली पंगत सगळ्या गावाची होती खरी, पण त्या क्षणी मला दिसलं की त्या पंगतीत एक पान या म्हाताऱ्याचं आहे.

चहा आला. आम्हाला कागदी कपांत, सरपंच आणि आण्णांना कपबशीत. टँकरचं गाव, भांडी घासायला पाणी कुठलं, पाहुण्यांना कागदी कपच देत असतील. हेही खरं असू शकणारं कारण. मी कप रिकामा केला आणि चुरगळून हातातच धरून बसले.

मग पप्पांनी पंगतीचं काढलं. मटकीची उसळ, भात, लापशी, सगळं आम्ही आणतो, तुम्ही फक्त जागा द्या. सरपंचानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, तुमचं मन मोठं हाय. पण तुमी शिधा द्या. कोरडा. तांदूळ, डाळ, तेल, काय असंल ते. शिजवायचं आमचं आमी बघू, एवढ्या उन्हात तुमाला कशाला तरास? आणि आजकाल कसं हाय, तुमच्या लोकांनी पंगत बसवली की कोनीतरी व्हिडिओ काढनार. म्हननार बाटवायला आलेत. तुमालाबी तरास, आमालाबी."

आण्णा खाटेच्या दोरीशी चाळा करत होते. 

मी तोंड उघडलं. पप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं."

परतीच्या एसटीत मी भांडले. 'बरं' का म्हणालात, असं पुन्हा पुन्हा विचारलं. व्हिडिओची भीती खोटी नाही हे मलाही ठाऊक होतं. आमच्या ओळखीच्या एका गटाची गाडी अशीच कुठेतरी अडवली गेली होती, पोरींच्या पिशव्या रस्त्यावर उलट्या करून बघितल्या होत्या. पण मग कोरडा शिधा वाटताना कोणी व्हिडिओ काढणार नाही का? तांदळाच्या पिशवीनं माणूस बाटत नाही आणि भातानं बाटतो, हे कोणत्या कायद्यात आहे?  पप्पा म्हणाले, "त्यांच्या ओसरीवर बसून दुसरं काय म्हणणार? मला वाटलं होतं, आता..." आणि वाक्य तिथंच सोडून त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.

कमिटीत पप्पांनी एका ओळीत सांगितलं: त्यांना शिधा पाहिजे. आणि मी पाहिलं की सगळ्यांना हायसं वाटलं. सेक्रेटरी म्हणाले, बरंच झालं, लाकडं नकोत, गॅस नको, किट दिले की दुपारपर्यंत मोकळे. महिला संघाच्या बाईंनी किटमध्ये साबण टाकूया असं सुचवलं. किट हा शब्द तेव्हा पहिल्यांदा आमच्या दौऱ्यात आला.

मी उभी राहिले. विचारलं, नियमाचं काय?

पाळकसाहेब वाईट माणूस नाहीत. माझ्या आजारी आजीजवळ ते रात्र रात्र बसलेले आहेत. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, सेवा घेणाऱ्याच्या मनाप्रमाणे करायची असते. आपण अट घालायची का? माझ्याच हातचं खाल तर देतो, हे दान झालं का?"

हा मुद्दा कच्चा नाही. त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण मला तो मुद्दा ऐकू आलाच नाही. मला दिसत होते ते मागच्या बाकावरचे पप्पा.

"साहेब, ते कोरडंच का मागतायत हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे," मी म्हणाले. "इथं बसलेल्या प्रत्येकाच्या आजीला माहीत होतं. माझ्या आजीनं त्या गावाचं धान्य पाखडलं. तिच्या पोराच्या हातचं शिजलेलं त्यांना नकोय, आणि आपण त्याला सेवा म्हणून पिशवीत भरून देणार."

कोणीतरी म्हणालं, "ते वर काढू नको. ख्रिस्तात आलो तेव्हाच ते संपलं."

"आपल्यासाठी संपलं. त्यांना कोणी कळवलंय का?"

"बस खाली," पप्पा म्हणाले. मोठ्यानं नाही. मी बसले. ठराव झाला, किटचा.

 दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाताना पप्पा चपला घालता घालता म्हणाले, "माझ्या पानातलं तू सगळ्यांच्या पानात वाढलंस."  पण मला तेव्हा वाटलं होतं आणि आजही वाटतं की ते वाढायलाच हवं होतं. एकट्याच्या पानात ठेवून ठेवून ते आंबलं होतं.

दौरा सोमवारी होता, रविवारची उपासना बुडू नये म्हणून. रविवारी उपासनेनंतर हॉलमध्ये किट भरायला सगळे जमले. तांदूळ, तूरडाळ, मटकी, तेल, मीठ, साबण. एक जण पिशवी उघडी धरायचा, दुसरा टाकायचा, तिसरा गाठ मारायचा. पोरं खुशीत होती, गाणी चालली होती. कोणीतरी टेम्पोला लावायचा फलक आणून उलगडला. त्यावर कबुतर एवढं मोठं होतं की पोरं म्हणाली, हे कबुतर नाही, बदक आहे, आणि टँकरच्या गावात बदक नेणं बरं दिसत नाही.

पप्पा कोपऱ्यात जमिनीवर बसले होते. त्यांनी कुठून तरी सूप आणलं होतं आणि मटकी पाखडत होते. एक गुडघा वर, एक आडवा. आजी अशी बसायची. मी पप्पांना कधी सूप हातात घेतलेलं पाहिलं नव्हतं. त्यांचे हात सराईत चालत होते, सूप वर गेलं की मटकी एका सरळ ओळीत उडून परत पडायची, एक दाणा बाहेर नाही.

"काका, मशीन क्लीन आहे हो ती," नर्सिंगची मुलगी म्हणाली.

"मशीनला खडे दिसत नाहीत."

"निघाला का एक तरी?"

"नाही निघाला," पप्पांनी कबूल केलं, आणि पाखडतच राहिले.

मला तिथं उभं राहवेना. माझा बाप त्या गावासाठी, त्याच्या आईच्या बसण्यानं, तेच धान्य पुन्हा पाखडत होता, आणि आजूबाजूला आम्ही आनंदाच्या गीतावर टाळ्या वाजवत होतो. मी दाराकडे निघाले तेवढ्यात सूप थांबल्याचा आवाज आला. म्हणजे आवाज थांबला. पप्पा उठले. पाखडलेली सगळी मटकी त्यांनी मोठ्या पातेल्यात ओतली, नळाखालची बादली आणली आणि वरून पाणी ओतलं. मग दुसरी बादली.

सेक्रेटरी धावत आले. "काका, अहो काय करताय? ती भरायचीय पाकिटात."

"आता नाही भरता येणार. भिजली."

"पण ठरलंय ना आपलं?"

"तुमची पाकिटं तुम्ही द्या," पप्पा म्हणाले. त्यांचा हात कोपरापर्यंत पातेल्यात होता आणि ते मटकी खालीवर करत होते. "आपली पोरं दिवसभर तिथं राबणार. त्यांनी जेवायचं का नाही? मी पोरांसाठी शिजवतो. वाढायला बसलो आणि कोणी आलं, तर त्यालाही वाढीन."

हॉलमधलं गाणं बंद पडलं होतं. सगळे पाळकसाहेबांकडे बघत होते. साहेब पातेल्यापाशी आले, आत बघितलं. मला वाटलं आता समजूत घालतील. ते म्हणाले, "एवढं पाणी घातल्यावर जड होईल. आत्ताच सावलीत नेऊ." आणि त्यांनी पातेल्याची एक कड धरली. दुसरी पप्पांनी. उपदेशात ऐकलेल्या त्यांच्या कुठल्याही वाक्यापेक्षा मला ते चार पावलं चालणं जास्त आठवतं. त्यांनी ठराव बदलला नाही. पण पातेलं उचललं.

सोमवारी आम्ही गेलो. किट गावच्याच पोरांनी वाटले, तसं सरपंचानं आधीच सांगितलं होतं. सरपंचाबरोबर फोटो झाला. शाळेच्या वऱ्हांड्यात नर्स बसल्या आणि रांग लागली. बायका दंड उघडा करून रक्तदाब मोजून घेत होत्या, मुलं जीभ दाखवत होती. कोणी हात धरू द्यायला नको म्हणालं नाही. गोळ्या घेतल्या. गोळ्याही कोरड्याच असतात.

पप्पांनी चूल शाळेत मांडली नाही. गावाच्या खालच्या अंगाला आमची जुनी वस्ती आहे, त्यातली थोडी घरं अजून नांदती आहेत. घरांवर निळे झेंडे. तिथल्या कडुलिंबाखाली पप्पांनी तीन दगड लावले. मटकीला रात्रीतून नुकती टोकं फुटली होती. लसूण तेलात पडला तेव्हा वस्तीतल्या बायका बाहेर आल्या. एक म्हातारी पप्पांच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिनं आजीचं नाव घेतलं आणि त्यांच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. ती जेवली, तिच्या सुना जेवल्या, आम्ही जेवलो. पोरं शिकवल्याप्रमाणे वाकून वाढत होती, मीठ आधी. इंग्रजी कोणी बोललं नाही.

वरच्या गावातून कोणी आलं नाही. वास जात होता, वाराही त्याच बाजूचा होता. पप्पा दर थोड्या वेळानं वाटेकडे बघायचे आणि पातेल्यावर झाकण सारखं करायचे.

पंगत उठत आली तेव्हा आण्णा आले. काठी टेकत, एकटे. पप्पा चटकन उठले, हात पुसले. आण्णा दगडावर बसले, चूल बघितली, पातेलं बघितलं. म्हणाले, वास लई झ्याक सुटलाय, पार घरापातूर आला. पप्पांनी स्वतः नवी पत्रावळ घेतली, धुतली आणि त्यांच्यासमोर ठेवली. मीठ वाढलं.

"दोन घास खा आण्णा."

आण्णांनी पत्रावळीकडे बघितलं. तिच्यावर मिठाचा तेवढा पांढरा ठिपका.

"सोमवार हाय रं आज," ते म्हणाले. "उपास असतोय माजा. न्हाईतर खाल्लं असतं."

पप्पा थोडा वेळ तसेच वाकलेले राहिले. मग लापशीसाठी आणलेल्या गुळाच्या ढेपेतला एक खडा फोडून त्यांनी आण्णांच्या हातावर ठेवला. "उपासाला चालतो ना?" आण्णांनी तो लगेच तोंडात टाकला. दोघं बराच वेळ शेरडांबद्दल बोलत बसले, कोणतं शेरडू कुठल्या ओढ्यात पडलं वगैरे. जाताना आण्णा म्हणाले, "येत जा रं." त्यांच्या आवाजात खोट नव्हती. मी तेच शोधत होते आणि मला ती सापडली नाही.

पत्रावळ तशीच होती, मिठासकट. पप्पांनी ती दुमडली आणि चुलीत घातली.

घरी पोचलो तेव्हा मम्मीनं दारातच विचारलं, "जेवला का तो?"

"उपास होता त्याचा," पप्पा म्हणाले.

"हो का?" मम्मी म्हणाली. "लईच वर्षांचा उपास आहे मग."

पप्पा हसले नाहीत. पाय धुतले, टॉवेल घेतला. पुसता पुसता म्हणाले, "पुढच्या वर्षी मंगळवारी जाऊ."

पुढचं वर्ष पप्पांच्या पाठीच्या ऑपरेशनात गेलं आणि दौरा दुसरीकडे झाला. या वर्षी पुन्हा तेच गाव ठरलंय. कमिटीनं किटच ठरवलेत, माझं मत विरोधात नोंदवून घेतलंय. सरपंचाचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. तुमचे वडील खरंच सोमवार धरतात का, असं एका फोनमध्ये विचारता येईल. पप्पांनी बजावलंय, विचारायचं नाही. त्यांना ते कळून घ्यायचं नाहीये. मला वाटतं, 'न्हाईतर खाल्लं असतं' या शब्दांवर ते दोन वर्षं जगतायत. कोणी एका वाक्यावर एवढी वर्षं जगावं, ही गोष्ट मला सहन होत नाही. ज्याला ते वाक्य टाकून सहज उठून जाता येतं, त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. तरी मी फोन केलेला नाही.

टेम्पो मंगळवारी निघेल. मटकी सोमवारी दुपारी भिजेल.

तुम्ही हे वाचताय ते कुठलं गाव, कुठली कॉलनी, मला माहीत नाही. तुमच्याकडेही या उन्हाळ्यात कोणीतरी पातेलं घेऊन येईल, किंवा शेजारच्या घरातून झाकलेली वाटी येईल, किंवा ऑफिसात कोणी डबा पुढे सरकवेल. तुमच्या मंडळीतून, मंडळातून, संस्थेतून कोणी गावाला पिशव्या भरून नेत असेल, तर त्यांना एकदा विचारा की तिथं बसून जेवणार आहात का. आणि तुमच्यासमोर पान मांडलं गेलं, तर कारण शोधू नका, खरं असलं तरी. वार विचारू नका. बसा आणि जेवा. मीठ कमी वाटलं तर मागून घ्या.